स्वेटर मापात बसत नाही? उसवायच्या आधी हे तपासून पाहा

घरातली आणि ओळखीतली माणसं "जरा बघ ना, काय झालंय ते" म्हणत माझ्यापुढे जे विणकाम ठेवतात, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं. वीण छान, रंग छान, पण ज्याच्यासाठी विणलं त्यालाच ते बसत नाही. मी स्वतः या चुका इतक्या वेळा केल्या आहेत की आता स्वेटर अंगावर बघितला तरी अंदाज येतो. सुरुवातीची काही वर्षं मला एकच उपाय माहीत होता: अख्खा उसवायचा. त्यातले कितीतरी स्वेटर उसवायची गरजच नव्हती हे फार उशिरा कळलं. नवऱ्याचा एक निळा स्वेटर तर मी दोनदा उसवला आणि चूक शेवटी टेपमध्ये निघाली.

लक्षणं

– स्वेटर सगळीकडून घट्ट, किंवा सगळीकडून ढगळ.
– अंगात बसतो, पण डोकं गळ्यातून जात नाही. लहान मुलांच्या स्वेटरची ही हमखास तक्रार.
– छाती बरोबर, बाह्या मात्र बोटांपर्यंत आलेल्या.
– पाठ आणि पुढचा भाग शिवायला घेतला तर एक भाग लांब निघतो.
– कानटोपी डोळ्यांवर उतरते, नाहीतर डोक्यावर टिकतच नाही, वर सरकत राहते.
– मफलर सुरुवातीला २० सेंमी रुंद होता, शेवटी २६.
– देताना नीट बसला, पहिल्या धुण्यानंतर मांड्यांपर्यंत आला. किंवा आटून पुठ्ठ्यासारखा झाला.

आपलं दुखणं यातलं कोणतं, ते आधी ठरवा. नुसतं "बसत नाही" म्हणून सुरुवात केली की हात थेट उसवण्याकडे जातो. खालच्या तपासण्या मी स्वतः करते त्या क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या दोन-तीनना काही खर्च नाही, वेळही फारसा नाही. कारण सापडलं की तिथेच थांबा.

टेप आणि टेबल

कापडी किंवा प्लॅस्टिकचा टेप वर्षानुवर्षं वापरून ताणला जातो. तो एखाद्या लाकडी किंवा स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून पाहा. माझा जुना टेप ६० सेंमीला जवळजवळ १ सेंमी खोटं बोलत होता. म्हणजे एक मीटर घेराच्या स्वेटरमध्ये दीड सेंमीहून जास्त चूक आधीच ठरलेली! टेपची एक बाजू इंचांची असते, दुसरी सेंटिमीटरची. घाईत भलत्याच बाजूने मोजलेली टोपीही मी पाहिली आहे.

दुसरं, मोजायचं ते टेबलावर किंवा फरशीवर. मांडीवर, गादीवर, उशीवर नाही. विणकाम मऊ जागेवर आपल्या नकळत ताणलं जातं, आणि मनात "अजून दोन सेंमी हवेत" असेल तर हात ते दोन सेंमी ओढून देतातच. कपडा पसरा, थोपटा, मिनिटभर पडू द्या, मग टेप ठेवा.

माप कुणाचं घेतलं होतं?

हा प्रश्न विचारला की बरेचदा शांतता पसरते. भेट गुपचूप द्यायची म्हणून माप अंदाजाने घेतलेलं असतं. "माझ्याएवढाच आहे की तो" वगैरे.

अंगाचं माप आणि कपड्याचं माप वेगळं असतं. छाती ९० सेंमी असेल आणि स्वेटरही बरोबर ९० सेंमीचा विणला, तर तो आतल्या शर्टासकट चिकटून बसेल. साधा, आतून काहीतरी घालायचा स्वेटर छातीपेक्षा ५ ते १० सेंमी मोठा हवा. लोकर जाड असेल तर आणखी जास्त, कारण जाड वीण आतली जागाही खाते. टोपी आणि मोज्यांचं उलट असतं. ते ताणून बसले तरच जागेवर राहतात. डोक्याचा घेर ५६ सेंमी असेल तर टोपी ५१–५२ सेंमीची करायची. पायमोजा पायाच्या घेरापेक्षा साधारण एक दशांश लहान.

गुपित राखून माप मिळवायचा माझा उपाय असा. त्या माणसाच्या कपाटातला, त्याला नीट बसणारा आणि तो आवडीने घालतो असा एखादा स्वेटर घ्यायचा, पसरायचा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. आवडीने घालतो, हे महत्त्वाचं. भाच्याच्या कपाटातून मी एकदा असा स्वेटर उचलला जो त्याला कुणीतरी भेट दिला होता आणि त्याने एकदाही घातला नव्हता. माझाही तसाच झाला.

बाळांसाठी वेगळा हिशोब. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंमीच्या आसपास असतो आणि वर्षभरात तो ४६ च्या जवळ पोचतो. तुम्ही जन्माआधी टाके घातले आणि टोपडं तीन महिन्यांनी पूर्ण केलं, तर तोवर बाळाचं डोकं पुढे निघून गेलेलं असतं. बाळाच्या वस्तू मी नेहमी पुढच्या मापाच्या करते. मोठं झालेलं पुढे वापरता येतं, लहान झालेलं फक्त आठवण म्हणून ठेवता येतं. आणि टोपड्याला लांब नाड्या लावू नका, बाळाच्या गळ्याशी त्या नकोतच.

सुईवरचे टाके मोजा

मफलर रुंद होत चालला असेल, किंवा स्वेटरच्या कडा तिरक्या जात असतील, तर गेज (१० सेंमीत किती टाके आणि किती ओळी बसतात ते माप) वगैरेच्या भानगडीत पडायच्या आधी टाके मोजा. ४० घातले होते आणि आता ४७ आहेत, एवढंच कारण असतं. नव्याने शिकणाऱ्यांचं हे हमखास होतं. ओळीच्या सुरुवातीला धागा सुईच्या वरून मागे गेला की पहिला टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन्ही पाय दोन वेगळे टाके असल्यासारखे दिसतात. आपण दोन्ही विणतो, एक टाका वाढतो. ओळ सुरू करताना धागा सुईच्या खालून घेतला की हे बंद होतं. दुसरं कारण म्हणजे बॉर्डर (सुलट-उलट टाक्यांची कडेची ताणणारी पट्टी) विणताना सुलटाकडून उलटाकडे जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा राहून जातो, तो सुईवरून येतो, आणि जाळीच्या विणीसारखं एक छिद्र आणि एक जादा टाका तयार होतो.

टाके कमी झाले असतील तर कुठेतरी एक सुटून खाली गेला आहे. शोधा, क्रोशाच्या सुईने शिडीसारखा वर चढवा. त्यासाठी उसवायची गरज नाही.

सुईचा नंबर

ही तपासणी मी आता सगळ्यांना करायला लावते, कारण चूक दिसत नाही आणि परिणाम प्रचंड असतो. सुयांचे नंबर दोन पद्धतींनी लिहितात आणि त्या एकमेकींच्या उलट चालतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर मोठा तशी सुई बारीक. अमेरिकन पद्धतीत नंबर मोठा तशी सुई जाड.

१० नंबरची सुई ब्रिटिश पद्धतीत ३.२५ मिमी, अमेरिकन पद्धतीत ६ मिमी. ८ नंबर एका पद्धतीत ४ मिमी, दुसरीत ५. आणि ६ नंबर बरोबर उलटं: ब्रिटिश ५ मिमी, अमेरिकन ४. १० मधला घोळ निदान लगेच कळतो, वीण जाळीसारखी दिसते. ८ आणि ६ मधला कळत नाही. वीण चांगलीच दिसते, फक्त स्वेटर एखादं माप मोठा किंवा लहान होतो आणि आपण स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर बघा. सुईवरचा आकडा पुसला असेल तर भोकांची मापपट्टी मिळते. सुई ज्या सर्वांत लहान भोकातून जाते तेच तिचं माप. जुन्या सुया असतील तर दोन्ही सुया त्यातून घालून पाहा. ३.७५ आणि ४ मिमीची जोडी करून अख्खी पाठ विणलेली मला माहीत आहे. कुणी विणली ते सांगत नाही.

सुई कशाची आहे यानेही फरक पडतो. धातूच्या गुळगुळीत सुईवर टाके पळतात आणि बांबूच्या सुईवर अडतात, त्यामुळे त्याच ४ मिमीवर हात वेगळा पडतो. एकाच स्वेटरच्या मध्यावर सुया बदलू नका.

धुऊन सुकवा, मग मत बनवा

सुईवरून उतरलेला कपडा आणि एकदा पाण्यातून काढलेला कपडा यांची मापं एक नसतात. पाण्यात टाके आपापल्या जागी बसतात, ताण सुटतो, लोकर फुलते. जरासा घट्ट वाटणारा स्वेटर बरेचदा एवढ्यानेच बरोबर होतो. कोमट नव्हे, जवळजवळ गार पाणी, ३० अंशांच्या वर नाही. लोकरीचा सौम्य साबण. वीस मिनिटं नुसतं बुडवून ठेवायचं, चोळायचं नाही. उचलताना दोन्ही हातांनी खालून आधार द्यायचा, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, मग आडवं पसरून हव्या मापाला हाताने सारखं करायचं. दोरीवर टांगायचं नाही. ओली लोकर जड असते आणि ते वजन सगळं खांद्यांवर येतं.

पण धागा कोणता आहे ते माहीत असू द्या, कारण प्रत्येकाचं वागणं वेगळं.

साध्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, घासणं आणि ओलावा एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा नमद्यासारखा घट्ट होतो. ते परत सुटत नाहीत. मशीनमध्ये धुता येईल असं लेबलवर लिहिलेल्या लोकरीचे खवले घालवलेले किंवा झाकलेले असतात, त्यामुळे ती आटत नाही, पण टाक्यांना एकमेकांची पकडही कमी मिळते आणि ओली झाल्यावर ती चांगलीच लांबते. लेबल परवानगी देत असेल तर अशा स्वेटरला थोडा वेळ ड्रायरमध्ये फिरवल्यावर तो बराच मूळ मापावर येतो. सुतात स्प्रिंग नसतेच. सुती स्वेटर घालताघालता स्वतःच्या वजनाने लांबतो. अ‍ॅक्रिलिक धुण्याने फार बदलत नाही. मात्र त्यावर गरम इस्त्री किंवा जोराची वाफ मारली की तंतू कायमचा मऊ पडतो, बॉर्डरचा ताण जातो आणि तो कोणत्याही उपायाने परत येत नाही. अ‍ॅक्रिलिकच्या स्वेटरला "जरा प्रेस करून देऊ" ही इच्छा आवरा.

फक्त कडा घट्ट आहे का?

डोकं जात नाही, हात मनगटाशी अडकतो, मोजा घोट्यावरून वर चढत नाही. या तिन्हींत अंगाची वीण बहुतेक निर्दोष असते. दोष असतो तो टाके बंद करताना. आपण शेवटाला आलेलो असतो, व्यवस्थित दिसावं म्हणून प्रत्येक टाका आवळून बंद करतो, आणि त्या कडेला ताणच उरत नाही.

तपासायला सोपं आहे. गळ्याची पट्टी दोन्ही हातांनी ताणा. पट्टी ताणली जाते पण अगदी वरची कडा दोरीसारखी ताठ राहते? मग फक्त तेवढी एक ओळ उसवायची, टाके सुईवर घ्यायचे आणि एक-दोन माप जाड सुईने, सैल हाताने पुन्हा बंद करायचे. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून त्यांचा गळा ताणल्यावर डोक्याच्या घेराएवढा झालाच पाहिजे. ते शक्य नसेल तर खांद्यावर एका बाजूने शिवण उघडून दोन बटणं लावा. मी हल्ली बाळांच्या स्वेटरना आधीच तसं ठेवते. बटणं मात्र ओढून पाहा, सुटून तोंडात जातील अशी नकोत.

खालची बॉर्डर घट्ट असेल तर टाके घालतानाच हात आवळला गेला. पुढच्या वेळी दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला आणि एक काढून घ्या. झालेल्या कपड्याचं काय, ते पुढे लांबीच्या दुरुस्तीत येईल.

लांब बाहीचा गुन्हेगार खांदा

मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी तपासणी ही, कारण ती फसवते. बाही लांब झाली म्हणून लोक बाही उसवतात. पण स्वेटर अंगावर घालून आरशात पाहा. खांद्याची शिवण कुठे आहे? ती खांद्याच्या हाडावर असायला हवी. ती चार सेंमी दंडावर उतरली असेल तर बाही तिथूनच सुरू होते आणि साहजिकच मनगटाच्या चार सेंमी पुढे जाते. बाही अगदी बरोबर विणलेली आहे, खांदा पसरला आहे. स्वेटरचं सगळं वजन मानेमागच्या आणि खांद्याच्या शिवणीवर लटकत असतं, म्हणून वापरून वापरून तिथेच तो वाढतो.

उपाय एका संध्याकाळचा आहे. आतल्या बाजूने, एका खांद्याच्या टोकापासून मानेच्या मागून दुसऱ्या टोकापर्यंत, त्याच लोकरीने क्रोशाच्या साखळीची एक ओळ शिवणीत घालत जा आणि हवं तेवढं आत घ्या. क्रोशे येत नसेल तर न ताणणारी बारीक सुती फीत हाताने टाचा. दोन्हीकडून दोन-दोन सेंमी आत आले की बाह्याही तेवढ्याच वर जातात. सासऱ्यांचा एक जुना स्वेटर, जो ते "बाह्या दुमडून घालतो, काय बिघडलं" म्हणायचे, तो असाच सरळ झाला.

आता गेज

एवढं सगळं बरोबर असेल आणि तरीही स्वेटर सगळीकडून लहान किंवा मोठा असेल, तर टाक्यांचं माप चुकलं आहे. विणायच्या आधी मापासाठी नमुन्याचा छोटा तुकडा करा असं प्रत्येक नमुन्यात, म्हणजे विणायच्या लेखी कृतीत, लिहिलेलं असतं आणि प्रत्येकजण तो करायचा टाळतो. मीही टाळते, आणि मग हे असले लेख लिहिते.

तयार कपड्यावरही गेज मोजता येतं. मधला साधा भाग निवडा, कडा आणि बॉर्डर सोडून. दोन टाचण्या १० सेंमी अंतरावर लावा आणि मधले टाके मोजा, अर्धा टाकासुद्धा. तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजा.

आता हिशोब पाहा. नमुना म्हणतो १० सेंमीत २२ टाके, स्वेटरचा घेर ९० सेंमी. म्हणजे १९८ टाके. तुमचे १० सेंमीत २० पडले, तर तेच १९८ टाके ९९ सेंमी होतात. २४ पडले तर ८२.५. दर १० सेंमीला दोनच टाके, पण स्वेटर एकीकडे ढगळ आणि दुसरीकडे अंगात न जाणारा. टोपीचंही तसंच. १०४ टाके, १० सेंमीत २० असतील तर ५२ सेंमी. १८ असतील तर जवळपास ५८, आणि टोपी थेट नाकावर.

सैल हाताने विणता असं दिसलं तर पुढच्या वेळी हात घट्ट करायचा प्रयत्न करू नका. दहा ओळींनंतर हात आपल्या मूळ स्वभावावर येतोच. सुई बदला. टाके जास्त पडतात तर पाव-अर्धा मिलिमीटर जाड सुई, कमी पडतात तर बारीक. तुकडा किमान १५ सेंमी चौरस करा, धुवा, सुकवा, मग मधले १० सेंमी मोजा. ५ सेंमीचा तुकडा खोटं सांगतो, कारण कडेचे टाके वेगळे पडतात. सुती धाग्याचा तुकडा तर खालच्या कडेला चिमटे लावून एक दिवस टांगून मग मोजावा.

ओळींचं गेज लोक सोडूनच देतात. १० सेंमीत २८ ओळी धरून ४५ सेंमीच्या बाहीला १२६ ओळी लागतात. तुमच्या ३० पडत असतील तर १२६ ओळी ४२ सेंमीतच संपतात. पाठ आणि पुढचा भाग लहानमोठा होण्याचं कारणही बहुधा हेच. एक भाग निवांत दिवसांत विणलेला, दुसरा भेट द्यायची तारीख जवळ आल्यावर. जोडीने लागणारे भाग टेपने मोजू नका, ओळी मोजा. दोन्ही बाह्या लांब गोल सुईवर शेजारीशेजारी, दोन गुंड्यांनी एकदमच विणल्या तर प्रश्नच उरत नाही.

टाके पिळलेले आहेत का?

स्वतःचं स्वतः शिकलेल्यांमध्ये हा दोष फार आढळतो आणि त्यांना तो वर्षानुवर्षं कळत नाही. सुलट बाजूचा एक टाका जवळून पाहा. तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन पाय खाली एकत्र येणारा दिसायला हवा. पाय खाली एकमेकांवरून गेले असतील तर टाका पिळलेला आहे. कारण बहुधा उलट टाक्यात असतं. धागा सुईभोवती उलट्या दिशेने गुंडाळला की टाका सुईवर आडवा बसतो, आणि पुढच्या ओळीत नेहमीसारखा विणला की पिळतो. पिळलेली वीण घट्ट, अरुंद आणि कमी ताणणारी होते. गोल विणलं आणि सगळेच टाके पिळले गेले तर नळी एका बाजूला वळतही जाते. ते घातलं की मोज्याची टाच बाजूला येते.

गोल विणीचा आणखी एक सापळा. सपाट विणताना एक ओळ सुलट, एक उलट. गोल विणताना सगळ्या सुलट. बहुतेकांचा उलट टाका थोडा सैल असतो. म्हणून सपाट तुकड्यावर मोजलेलं गेज गोल टोपीला लागू पडेलच असं नाही. टोपी गोल विणायची तर तुकडाही गोल विणा. केबलची, म्हणजे वेणीसारखी, वीण कापड आत ओढते, जाळीची पसरवते, दोन रंगांच्या विणीत मागचा धागा आवळला गेला की सगळंच आखडतं. साध्या विणीच्या गेजवर यातलं काहीच मोजू नये.

दुरुस्ती: सोपीकडून अवघडाकडे

घेर ४ ते ८ सेंमी कमी पडतोय? बाजूच्या शिवणी उघडा आणि दोन्हीकडे बॉर्डरच्या विणीची एकेक पट्टी घाला. रंग मुद्दाम वेगळा निवडा. "जवळपास तोच" रंग निवडला की चूक लपवल्यासारखं दिसतं. शिवाय नव्या गुंड्याचा रंगाचा लॉट वेगळा असेल तर फरक दिसणारच.

लांबी कमी-जास्त असेल तर पूर्ण उसवू नका. बॉर्डर जिथे सुरू होते त्याच्या लगेच वरच्या एका ओळीत बारीक सुई घाला, प्रत्येक टाक्याचा उजवा पाय उचलत. सगळे टाके सुईवर आले हे दोनदा मोजा. मग त्याच्या खालच्या ओळीत मधला एक टाका कापा आणि धागा सोडवत जा. बॉर्डर सुटी होईल आणि वरचा स्वेटर सुईवर राहील. आता खालच्या दिशेने हवं तेवढं विणा, नवी बॉर्डर करा, सैल बंद करा. साध्या विणीत सांधा दिसत नाही. केबल किंवा बॉर्डरच्या मधोमध मात्र हे करू नका, उलट दिशेने विणताना नमुना अर्ध्या टाक्याने सरकतो आणि ते दिसतं.

आणि आता उसवणं. गेजच चुकलं असेल तर हे करावंच लागतं. शिवणी आधी सोडवा, मग शेवटच्या टोकाकडून. निघालेला धागा कुरळा असतो. तो तसाच विणला तर टाके ओबडधोबड पडतात आणि गेज पुन्हा फसवतं. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, गार पाण्यात भिजवा, टांगून सुकवा. मग नवा गुंडा, आणि मग, हो, नमुन्याचा तुकडा.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

स्वेटर आटून घट्ट झाला असेल आणि टाके वेगळे दिसतच नसतील, तर घरी काही होणार नाही. थोडासाच आटलेला असेल तर गार पाण्यात केसांचा कंडिशनर घालून अर्धा तास भिजवून हलक्या हाताने ताणून पाहा, काही सेंमी मिळू शकतात. एकदाच. जोर लावला तर फाटतो.

मोहेरसारखी केसाळ लोकर उसवताना तंतू गुंततात. दोन ओळींत धागा तुटला तर हात आवरा आणि अनुभवी विणकराला दाखवा.

कसरीने खाल्लेली भोकं, किंवा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने कधीकाळी विणलेला, आता धागा जीर्ण झालेला स्वेटर. यात मी स्वतः हात घालत नाही. रफूगाराकडे देते. जुना धागा ताणला की एका टाक्यामागून दहा सुटतात, आणि ती वस्तू पुन्हा विणता येत नाही. लेबलवर फक्त ड्राय क्लीन लिहिलं असेल किंवा धाग्यात रेशीम असेल, तर माप सुधारण्यासाठी भिजवण्याचा प्रयोगही घरी नको.

विणलेलं कापड सरळ कात्रीने कापून आकार बदलायचा विचार मनात आला, तर ज्याने ते आधी केलं आहे त्याच्या हातून करून घ्या. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी आधी टीप मारून टाके पक्के करावे लागतात. नुसतं कापलं की कडेपासून सगळं सुटत जातं, आणि घसरड्या अ‍ॅक्रिलिकमध्ये तर टीप मारूनही भरवसा नाही.

आणि स्वेटरचं सोडा, तुमचे हात. उसवून पुन्हा विणायच्या घाईत बोटं बधिर होत असतील, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल किंवा मनगट दुखून वस्तू हातातून सुटत असेल, तर सुया बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यावर बाम चोळून विणत राहण्याचा मूर्खपणा मी एका हिवाळ्यात केला आणि पुढचे चार महिने सुईला हात लावता आला नाही. भाच्याचा स्वेटर त्या वर्षी एका बाहीसकट पिशवीतच राहिला.

भेट देताना मी आता सोबत एक छोटी पिशवी देते. तिच्यात लोकरीचं लेबल, मूठभर उरलेली लोकर, धुतलेला नमुन्याचा तुकडा आणि एक चिठ्ठी: सुई किती मिलिमीटरची, १० सेंमीत टाके किती, धुवायचं कसं. तो तुकडाच आधी एकदा धुऊन बघा म्हणून सांगते. पुढे कधी कोपर फाटलं तर रफूला लोकरही त्यातच सापडते.